येणारा-जाणारा ईएसपीचा दिवा: गोव्यातल्या स्पोर्ट्स कारसाठी तपासणीचा क्रम

ईएसपी म्हणजे घसरायला लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा. तिचा, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा कायमचा पेटून राहिला, तर काम सोपं असतं. डोकं खातो तो येणारा-जाणारा. गाडी बंद करून सुरू केली की विझतो, चार दिवस गप्प राहतो, आणि वर्कशॉपच्या दारात पोचली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. पाऊस लागल्यापासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी) माझ्याकडे येणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये हीच तक्रार सगळ्यात जास्त. बरेच मालक आधीच कुठून तरी ‘एबीएस मॉड्यूल गेलं’ असं ऐकून, मोठ्या आकड्याचं कोटेशन खिशात घेऊन आलेले असतात. मॉड्यूल म्हणजे ईएसपी आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालवणारा कंट्रोलर. तो जातो, नाही असं नाही. पण तपासणीच्या यादीत त्याचा नंबर शेवटचा आहे, आणि तो शेवटचाच ठेवायचा.

कंपनीगणिक या यंत्रणेचं नाव बदलतं: पोर्शमध्ये पीएसएम, बीएमडब्ल्यूमध्ये डीएससी, निसानमध्ये व्हीडीसी, मस्टँगमध्ये अ‍ॅडव्हान्सट्रॅक, मर्सिडीजमध्ये ईएसपी. आतलं गणित एकच, म्हणून खाली सगळ्यांना ईएसपीच म्हणतो.

आधी लक्षणं

दिवा लुकलुकतो की स्थिर पेटतो, हा पहिला प्रश्न. ओल्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर तो भराभर लुकलुकला आणि इंजिनचा जोर क्षणभर आवरल्यासारखा वाटला, तर तो बिघाड नाही. यंत्रणा तिचं काम करते आहे. पहिल्या पावसात तांबडी माती वाहून डांबरावर येते. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी तिथे चाक फिरवणारच. दिव्याखाली ‘ऑफ’ लिहिलेलं असेल तर कुणीतरी बटण दाबलंय, एवढंच. हसू नका, फक्त यासाठी गाडी टो करून आणलेली मी पाहिली आहे. काही गाड्यांत स्पोर्ट किंवा ट्रॅक मोड लावला की हाच दिवा आपोआप येतो.

स्थिर दिवा म्हणजे यंत्रणेने स्वतःला बाजूला काढलं. मग बघायचं की सोबत काय काय आहे.

- फक्त ईएसपीचा दिवा, एबीएसचा नाही: स्टीअरिंग अँगल सेन्सर, यॉ सेन्सर (गाडी स्वतःभोवती किती फिरते ते मोजणारा), ब्रेक लाइटचा स्विच, नाहीतर अलाइनमेंट (चाकांचे कोन).
- ईएसपी आणि एबीएस दोन्ही: चाकाचा स्पीड सेन्सर, त्याची वायर किंवा रिंग (चाकासोबत फिरणारी, जिच्यावरून सेन्सर वेग ओळखतो), नाहीतर व्होल्टेज.
- ईएसपीसोबत इंजिनचा दिवा: आधी इंजिन. ईएसपीला गरज पडल्यावर इंजिनचा जोर कमी करून हवा असतो. इंजिनचा कंट्रोलर स्वतःच आजारी असेल तर ती मदत मिळत नाही, म्हणून ईएसपीही रजा टाकते. ब्रेकमध्ये काहीच खराब नसतं.
- स्टार्टर मारताच तीन-चार दिवे एकदम, थोडं चालवल्यावर सगळे गुल: बॅटरी.
- कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबता थांबता, १०-१५ च्या वेगात ब्रेक पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते: चाकाची रिंग तडकलेली किंवा गंजलेली.
- पावसात किंवा गाडी धुतल्यावरच: कनेक्टर.
- एकाच बाजूला वळताना: ताणली जाणारी वायर किंवा सैल बेअरिंग.
- लांब, एकसारख्या वळणावर, पणजीच्या अटल सेतूच्या रॅम्पसारख्या: स्टीअरिंग आणि यॉ यांचं जुळत नाही.
- अर्धा तास चालवून सगळं तापल्यावरच: मॉड्यूल किंवा इंजिनजवळचा जोड.

पिवळ्या दिव्यांसोबत ब्रेकचा लाल दिवा आला तर ही यादी इथेच मिटा. गाडी बाजूला घ्या आणि टो बोलवा. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही त्या वेळी गेलेली असू शकते, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही हाच दिवा येतो, पण ते रस्त्यात उभं राहून ठरवण्यासारखं नाही.

दिवा नेमकं काय सांगतो

बॉश आणि मर्सिडीजने १९९५ मध्ये ही यंत्रणा एस-क्लासमध्ये आणली. मूळ कल्पना तेव्हापासून तीच आहे. स्टीअरिंग किती वळलं यावरून चालकाला कुठे जायचंय ते कळतं. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे आणि आडवी किती ढकलली जाते आहे, हे यॉ सेन्सर सांगतो. चार चाकांचे चार सेन्सर आपापला वेग सांगतात. मॉड्यूल हे सगळं सेकंदाला २५ वेळा ताडून बघतं आणि फरक पडला की एखाद्या चाकाला एकट्याला ब्रेक लावून गाडी सावरतं.

या कोर्टात साक्षीदार बरेच आहेत. एकाची साक्ष बाकीच्यांशी जुळेना, तर खोटं कोण बोलतंय हे मॉड्यूलला दर वेळी ठरवता येत नाही. ते दिवा लावतं आणि बाजूला होतं. म्हणजे दिवा ‘मी बिघडलोय’ असं क्वचितच म्हणत असतो, बहुतेक वेळा ‘यांचं एकमेकांशी जुळत नाही’ असं म्हणत असतो. मॉड्यूल आधी बदलणाऱ्यांचे पैसे वाया जातात ते यामुळे.

गोव्यात साक्ष फिरायला कारणं भरपूर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, किनाऱ्यावर खारा वारा, आणि मुख्य म्हणजे या गाड्या चालतात कमी. आसगाव-शिवोलीकडच्या सुट्टीच्या घरांत त्या महिनोन्महिने कव्हरखाली असतात. रोज फोंडा-पणजी करणाऱ्या साध्या हॅचबॅकला हा त्रास तुलनेने कमी होतो. त्यामागे गाडीची गुणवत्ता नसते, ती रोज सुकते आणि रोज चार्ज होते इतकंच.

पैसे न लागणारी कामं

पहिलं, फोनमध्ये नोंद ठेवा. दिवा आला तेव्हा वेग किती, वळण कुठल्या बाजूचं, पाऊस होता का, ब्रेकवर पाय होता का, इंजिन थंड की गरम. आणि गेल्या महिन्यात गाडीवर कुठलं काम झालं: टायर, अलाइनमेंट, ब्रेक पॅड, बॅटरी, म्युझिक सिस्टिम. शेवटच्या प्रश्नाला लोक ‘काही नाही’ म्हणतात आणि थोड्या वेळाने ‘हां, ते फक्त टायर बदलले’ निघतं. येत्या-जात्या बिघाडात ही नोंद स्कॅनरपेक्षा जास्त सांगते.

दुसरं, टायर. ईएसपीला चाकाचा वेग फक्त फेऱ्यांवरून कळतो, चाक लहान-मोठं झालंय हे कळत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर असते, कायद्याने किमान १.६ हवी. एकाच अ‍ॅक्सलवर एक टायर नवा आणि दुसरा ३ मिलिमीटरवर आलेला असेल, तर व्यासात १० मिलिमीटरचा, म्हणजे दीडेक टक्क्याचा फरक पडतो. बऱ्याच गाड्या तो पचवतात, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या कमी पचवतात.

खरा घोळ साइझचा. स्पोर्ट्स कारला मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात आणि त्या मापाचे टायर म्हापशात किंवा मडगावात दुकानात पडून नसतात. मग ‘जवळचा’ साइझ बसवला जातो. मागे २६५/३५ आर १९ च्या जागी २६५/४० बसवला तर रुंदी तीच दिसते, पण व्यास २६ मिलिमीटरहून जास्त, जवळजवळ ४ टक्के वाढतो. मागची चाकं मग कायमच पुढच्यांपेक्षा हळू फिरतात. सरळ रस्त्यावर चालून जातं, वेग वाढला किंवा वळण लांबलं की दिवा हजर. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा, टायरवरचे आकडे वाचा, चारही.

हवा थंड टायरमध्ये, स्टिकरवर लिहिली आहे तेवढी. ज्या गाड्यांत हवेचा इशारा चाकाच्या फेऱ्यांवरून मिळतो, त्यांत हवा भरल्यावर रीसेट करायचं राहतं आणि मग तोही दिवा या गर्दीत शिरतो. टायरचं वयही बघा: बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. उन्हात उभ्या गाडीचं रबर नक्षी शाबूत असूनही दगड होतं. तसा टायर पावसात घसरतो, दिवा लुकलुकतो, आणि मालक सेन्सर शोधत बसतो.

तिसरं, ब्रेक लाइट. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. हलकं दाबल्यावरही दिवे लगेच लागतात का, सोडल्यावर लगेच विझतात का, तिसरा वरचा दिवाही लागतो का. पेडलपाशी असलेला तो छोटा स्विच झिजला की ब्रेक ऑइलचा दाब ‘ब्रेक लागलाय’ म्हणतो आणि स्विच ‘नाही’ म्हणतो. झालं, जुळत नाही. स्विच सगळ्यात स्वस्त सुट्या भागांपैकी एक आहे. ब्रेक लाइट नीट लागत नसतील तर मागून येणाऱ्याच्या दृष्टीनेही ते धोक्याचं, म्हणून यात उद्या-परवा करू नका.

ब्रेक ऑइलची पातळीही आत्ताच बघून घ्या. कमी असेल तर नुसतं भरू नका. पॅड झिजले की पातळी खाली जाते, गळती असली तरी जाते. कुठलं कारण आहे ते आधी कळायला हवं. ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि गोव्याच्या हवेत ओलावा मुबलक. दर दोन वर्षांनी बदला. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. त्याने लगेच दिवा येत नाही, पण तेच पाणी मॉड्यूलखालच्या झडपा आतून गंजवतं, आणि तो खर्च दिव्यापेक्षा फार मोठा.

चौथं, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग सरळ आहे का? चाक थोडं वाकडं धरल्यावरच गाडी सरळ जात असेल, तर स्टीअरिंगच्या सेन्सरला वाटतं चालक वळतोय, यॉ सेन्सरला वाटतं गाडी सरळ चाललीय. खड्डा, गतिरोधक, फेरीबोटीचा रॅम्प, खाली बसणाऱ्या गाडीची अलाइनमेंट जायला एवढं पुरतं. अलाइनमेंट करून घ्याल तेव्हा स्टीअरिंग अँगलचं कॅलिब्रेशनही, म्हणजे सेन्सरचं शून्य परत ठरवणं, करायला सांगा. न सांगता ते करतीलच असं नाही.

बॅटरी आणि अर्थिंग

इथून पुढे मल्टिमीटर हवा. तो महाग नाही, आणि मला विचाराल तर अशा गाडीच्या डिकीत असायलाच हवा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतं. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा) चार्जिंग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, तिथे आकडा हलता दिसला तर घाबरू नका.

याचं महत्त्व असं की ईएसपीचा पंप बराच करंट खेचतो, आणि गाडी सुरू होऊन पहिल्यांदा हलली की मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत त्याची एक छोटी चाचणी घेतं. तो हलका ‘घुर्र’ आवाज तोच. व्होल्टेज पडलेलं असेल तर चाचणी नापास.

उभ्या गाडीतही अलार्म, घड्याळ, कंट्रोलर यांना करंट लागतो. ५० मिलिअँपिअर हे प्रमाण अगदी ठीक मानतात. पण हिशोब करा: महिन्याभरात ३६ अँपिअर-तास, म्हणजे ७० च्या बॅटरीचा निम्मा भाग. जून-जुलै कव्हरखाली घालवलेली गाडी चवथीला बाहेर काढली की दिव्यांची रांग का लागते, ते यात आलं. उपाय मेंटेनर चार्जरचा, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या चार्जरचा. तो जोडून ठेवा.

बॅटरी काढून परत लावली की काही गाड्यांत स्टीअरिंग सेन्सर आपलं शून्य विसरतो आणि ईएसपीचा दिवा येतो. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन सरळ करा, मग थोडं सरळ चालवा. बऱ्याच गाड्यांत एवढ्यावर तो विझतो. बॅटरी नवी टाकली तर काही जर्मन गाड्यांत तिची नोंदणी स्कॅनरने करावी लागते. ती न केल्यास चार्जिंग चुकीचं होतं आणि नवी बॅटरीही लवकर बसते.

अर्थिंग लोक विसरतात. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टच्या आत असावं, ०.२ च्या वर गेलं तर अर्थची पट्टी उघडून घासून परत घट्ट करा. मिरामार-कांदोळीकडे समुद्राकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत या बोल्टखाली गंज सापडला नाही, तर मलाच आश्चर्य वाटतं.

स्कॅनर, पण योग्य

ईएलएम ३२७ सारखं स्वस्त ब्लूटूथ यंत्र मोबाइलला जोडलं की ‘नो कोड’, म्हणजे बिघाडाची नोंद नाही, असं येतं आणि मालक निश्चिंत होतो. ते यंत्र सोबतच्या साध्या अ‍ॅपवर बहुधा इंजिनचेच, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतं. ईएसपीचे कोड ‘सी’ने आणि आपसातल्या संपर्काचे ‘यू’ने सुरू होतात. एबीएस मॉड्यूलमध्ये शिरणारा स्कॅनर लागतो. स्वतःकडे नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे वाचून घ्या, त्याचे पैसे वसूल होतात.

कोड पुसण्याआधी फोटो काढा. ‘पुसून बघू, परत येतो का’ ही सवय येत्या-जात्या बिघाडात सगळ्यात घातक. कोडसोबत कधी वेग, व्होल्टेज, किती वेळा आला हेही साठवलेलं असतं, ते सगळं जातं.

काही कोड ओळखीचे करून ठेवा. सी ००३५ पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं. अर्थात प्रत्येक कंपनी हेच आकडे वापरते असं नाही. डावं-उजवं चालकाच्या सीटवर बसून मोजायचं. गाडीसमोर उभं राहून मोजणारा चुकीच्या चाकाचा सेन्सर बदलतो. यू ०१२१ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला, यू ०१२६ म्हणजे स्टीअरिंग अँगलशी. असे दोन-चार ‘यू’ कोड एकत्र असतील तर परत बॅटरी आणि अर्थिंगकडे जा.

कोडपेक्षाही कामाचा असतो चालता डेटा. शेजारी दुसरा माणूस बसवा, रस्ता रिकामा असू द्या, ताशी ३० ने सरळ जा. चारही चाकांचे आकडे एकत्र हलायला हवेत. एखादा मधेच शून्यावर पडून परत आला, तर आरोपी सापडला. स्टीअरिंगचा कोन सरळ चालताना शून्याच्या दोन-तीन अंशांत असावा. गाडी उभी असताना यॉ जवळजवळ शून्य. आडवा जोरही शून्याजवळ हवा, पण जमीन सपाट असेल तरच: ३ अंश कलत्या जागेवर तो ०.०५ जी दाखवणारच. कॅलिब्रेशन उतारावर करायचं नाही ते यासाठी. पर्वरीच्या एखाद्या चढावरच्या गॅरेजमध्ये केलेलं शून्य घरी येऊन चुकतं.

चाकाजवळ

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण गोव्यातल्या बिघाडांचं मूळ बहुतेक इथेच निघतं.

गाडी जॅकवर घेतली की जॅक स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग सैल आहे, आणि सैल बेअरिंग वळणावर रिंगला सेन्सरपासून दूर नेतं. मग ‘फक्त डावीकडे वळताना’ची तक्रार आपोआप सुटते.

सेन्सर दोन जातींचे. जुन्या गाड्यांतला कॉइलचा: दोन वायरी, प्रतिकार साधारण ८०० ते २००० ओहम, चाक हाताने फिरवल्यावर एसीवर थोडंसं व्होल्टेज दिसतं. डावा-उजवा एकमेकांशी ताडा, नेमक्या आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. कमी वेगात याचा संकेत मुळातच दुबळा असतो, म्हणून थोडा गंज चढला तरी तो आधी तिथेच हरतो. नव्या गाड्यांत चुंबकीय, सक्रिय सेन्सर असतो. त्याला मॉड्यूलकडून व्होल्टेज मिळतं आणि ओहम मोजून त्यातून काही कळत नाही. तिथे स्कॅनरचा डेटाच बघायचा.

आता रिंग. जुन्या पद्धतीच्या दातेरी रिंगखाली गंज फुगतो आणि रिंग तडकते. एका जागी फट पडली की प्रत्येक फेरीत एक दात चुकतो. वेगात ते लपतं, थांबताना लपत नाही, मॉड्यूलला वाटतं चाक लॉक झालं आणि ते ब्रेक सोडतं. ते थरथरणारं पेडल हेच. नव्या गाड्यांत दात नसतात, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. तिला ब्रेकचा लोखंडी चुरा चिकटतो. मऊ ब्रश आणि ब्रेक क्लीनर पुरे. तारेचा ब्रश नको, आणि चुंबक तर जवळही आणू नका.

बेअरिंग नुकतंच बदललं असेल आणि नंतर दिवा आला असेल, तर ते उलटं बसलं असण्याची शक्यता धरा. एकच बाजू चुंबकीय असते, ती सेन्सरकडे हवी. बसवण्याआधी कागदाची पिन लावून बघितली तर कुठली ते कळतं.

सेन्सर बाहेर काढताना ओढाताण करू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात गंज धरून तो असा अडकतो की डोकं हातात आणि बाकी आत. भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, मग थोडं थोडं फिरवत काढा. भोक आणि बसायची जागा साफ करा. गंजाच्या थराने सेन्सर अर्धा मिलिमीटर उचलला गेला तरी संकेत अर्धमेला होतो.

कनेक्टर उघडला आणि आत हिरवा कळंक दिसला, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, सुकू द्या, पिना घट्ट आहेत का बघा, रबरी सीलला अगदी थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. गंज सोडवणारा स्प्रे मारून बंद करणं म्हणजे दिवा पुढच्या पावसापर्यंत पुढे ढकलणं. प्रेशर वॉशरची धार चाकाच्या कमानीत सरळ मारू नका, निम्मं पाणी तेव्हाच आत जातं.

वायर बाहेरून धडधाकट, आत तुटलेली, हे सर्रास. सस्पेन्शनच्या क्लिपजवळ ती रोज वाकते. इंजिन चालू ठेवून, डेटावर नजर ठेवून, वायर हळूहळू हलवत या. गाडी खाली बसवलेली असेल, म्हणजे छोट्या स्प्रिंग टाकलेल्या असतील, तर वायरचा मार्ग बदललेला असतो. अशा गाडीत मी आधी तिथेच हात घालतो. चाकाजवळची वायर जोडत बसू नका, सेन्सर वायरसकट नवा घ्या. आत, हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) जोड द्यावाच लागला तर दोन्ही वायरींचा पीळ तसाच ठेवा, तो बाहेरचा गोंगाट रोखतो.

आणि उंदीर. झाडाखाली उभी, न हललेली गाडी, बाहेर पाऊस, आत कोरडं. बॉनेट उघडून पानं, सालं, लेंड्या दिसल्या तर सेन्सरची खरेदी थांबवा आणि आधी वायरिंग टॉर्चने बघा.

सीटखालचं पाणी

छप्पर उघडणाऱ्या गाड्यांसाठी हा भाग. छपराच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि कार्पेटखाली, सीटखाली साचतं. यॉ सेन्सर बऱ्याच गाड्यांत नेमका तिथेच, मधल्या कन्सोलखाली किंवा सीटखाली असतो. कार्पेट वरून कोरडं लागतं, खालचा फोम भिजलेला असतो. मुठीने दाबून बघा. पाणी निघालं तर आधी नळ्या मोकळ्या करा, कार्पेट उचलून सुकवा, मग कनेक्टर. उलट क्रमाने केलं तर दोन आठवड्यांत परत तेच. या सेन्सरचे बोल्ट घट्ट आहेत का तेही बघा. म्युझिक सिस्टिम बसवताना सीट काढली असेल तर तो कधी सैल, कधी फिरवून बसवलेला सापडतो. सेन्सर वाकडा बसला की त्याची दिशाच बदलते. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना मात्र हात लावू नका, ते एअरबॅगचे.

इथे थांबा

पुढची कामं घरची नाहीत.

स्टीअरिंग अँगल सेन्सर स्टीअरिंगमागे, एअरबॅगच्या गुंडाळलेल्या केबलला लागून असतो. ते उघडणं म्हणजे एअरबॅगशी खेळ. आणि बदलल्यावर कोडिंग, कॅलिब्रेशन लागतंच.

मॉड्यूल आणि पंप: आतले सूक्ष्म जोड उष्णतेने तडकतात, म्हणून बिघाड तापल्यावर येतो आणि थंडावल्यावर जातो. वरचं सगळं स्वच्छ निघालं, व्होल्टेज आणि अर्थिंग मॉड्यूलच्या कनेक्टरपाशी मोजून बरोबर आलं, आणि तरी कोड पंपाचा किंवा मॉड्यूलच्या अंतर्गत बिघाडाचा असेल, तेव्हाच त्याला हात लावायचा. फक्त इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करून देणारे असतात, पूर्ण नवं घेण्याआधी ते विचारून बघा. जुनं दुसऱ्या गाडीचं बसवायचं तर कोडिंग जुळेलच असं नाही. ब्रेकच्या पाइपा उघडल्या की हवा काढायला बहुतेक वेळा स्कॅनरनेच पंप चालवावा लागतो. ओळखीचा मेस्त (मेकॅनिक) कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे ते यंत्र नसेल तर नको.

आणखी तीन प्रसंगांत तपासणी न करता थेट व्यावसायिकाकडे जा: पेडल मऊ पडलं किंवा खाली जातंय, सरळ किंवा साध्या वळणावर गाडी स्वतःहून एकाच चाकाला ब्रेक लावते, दिव्यासोबत स्टीअरिंग जड होतं. दुसऱ्या प्रकारात, तिथपर्यंत न्यायची वेळ आलीच तर ईएसपी बटणाने बंद करून हळू न्या, टो केली तर उत्तम.

फक्त ईएसपीचा दिवा असेल तर साधारणपणे ब्रेक आणि एबीएस चालू असतात, गाडी घरी नेता येते. पण पावसात चोर्ला किंवा अनमोड घाट त्या अवस्थेत नको. आणि ‘बघू तरी लागतो का’ म्हणून वळणावर गाडी घसरवून बघायची नाही. डेटा ३० च्या वेगातही दिसतो.

काम झाल्यावर कोड पुसून घ्या आणि ज्या परिस्थितीत दिवा यायचा, नोंदीत लिहिलेल्या त्याच परिस्थितीत गाडी चालवा: पावसाचा असेल तर पावसात, तापल्यावरचा असेल तर अर्ध्या तासानंतर. मग परत स्कॅन करा. दिवा नसतानाही कोड साठलेला असू शकतो, म्हणून स्कॅनचं पान पूर्ण रिकामं निघालं की मगच बिल द्या.